फोकस घेण्याआधी: गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या हवेत टिकणारे एलईडी वर्क लाइट

डिचोलीच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग करतो म्हटल्यावर फोकसबद्दल, म्हणजे रात्री काम करायला यंत्रावर लावायच्या दिव्याबद्दल, विचारायला माणसं येतातच. टिपरवाला येवो, पोकलेनचा ऑपरेटर येवो, नाहीतर सत्तरी तालुक्यातून भातकापणीचं यंत्र घेऊन कुणी येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "कितल्या वॅटाचो घालूं?"

मी उलट विचारतो, रात्री तुम्हाला नेमकं काय दिसत नाही? यावर बहुतेक जण गप्प होतात. "उजेड कमी पडतो" एवढंच सांगता येतं. मग वॅट वाढवून काय साधणार? मी उजेड वाढवलेली आणि तरीही आंधळी राहिलेली यंत्रं भरपूर पाहिलीत. दुसरी गोष्ट, एलईडी जळून मेलेले दिवे माझ्याकडे फार थोडे आले. जे आले ते बहुतेक पाण्याने मेलेले, आणि पाणी शिरलं होतं जोडातून. म्हणून या लेखात वॅट मध्येच कुठेतरी येईल, आणि पाणी-वायरिंगवर मी जरा जास्तच बोलेन.

आधी अंधारात एक फेरी

दुकानात जाण्याआधी एका रात्री यंत्र कामाच्या जागी उभं करा, आहेत ते दिवे लावा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसा. जिथे काळोख वाटतो ती जागा खाली उभ्या माणसाला खडूने किंवा चुन्याने आखायला सांगा. मग खाली उतरून चारी बाजूंनी फिरा. टिपरचा अंधार बहुतेक वेळा मागच्या डाव्या चाकापाशी असतो, माल ओतताना नेमका जिथे कठडा असतो तिथे. कापणी यंत्राचा पुढचा पात्याचा भाग दिसतो, पण धान्य ओतायच्या नळीखाली काही दिसत नाही. ट्रॉलरवर विंचचा ड्रम आणि मासळी निवडायची जागा.

पोकलेनची गोष्ट वेगळी. बूमवर, म्हणजे पोकलेनच्या लांब हातावर, डाव्या बाजूला एकच दिवा असला की बूमची सावली बकेटच्या उजव्या अंगावर पडते. ऑपरेटर म्हणतो दिवा कमी पडतो, मालक दुप्पट वॅटचा आणतो, आणि सावली आणखी काळी होते. अशा वेळी निम्म्या वॅटचे दोन दिवे बूमच्या दोन बाजूंना लावा. एकाची सावली दुसरा पुसतो.

अंतराचा हिशेबही इथेच करून टाका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. सहा मीटरवरून जे काम मोठ्या दिव्याने होत नाही ते तीन मीटरवरून लहान दिवा करतो. दिवा कामाजवळ नेता येत असेल तर पैसे तिथेच वाचतात.

झोत कसा हवा

दुकानात दोन नावं ऐकू येतील, फ्लड आणि स्पॉट. फ्लड म्हणजे पसरट झोत, साठ अंशांपासून नव्वदच्याही पुढे. स्पॉट अरुंद आणि लांब जाणारा. दोन्ही झोत एकाच दिव्यात असले की कॉम्बो. यंत्राच्या आसपासच्या कामाला, म्हणजे दहापैकी नऊ जणांना, फ्लडच लागतो. लोक मात्र स्पॉट उचलतात, कारण दुकानाबाहेर समोरच्या भिंतीवर तो जास्त लख्ख दिसतो. खोदकाम करताना भिंतीवरचा पांढरा ठिपका काय कामाचा? उलट ठिपक्यावरून नजर काढली की बाजूचा भाग जास्तच काळा वाटतो आणि डोळे तासाभरात थकतात.

वॅट, लुमेन आणि डब्यावरचा आकडा

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, लुमेन म्हणजे उजेड किती देतो. जुना ५५ वॅटचा एच-३ हॅलोजन साधारण १,४५० लुमेन द्यायचा. चांगल्या एलईडी दिव्यातून काच आणि परावर्तकातली गळती धरूनही वॅटमागे ८० ते १०० लुमेन बाहेर पडतात. म्हणजे खऱ्या १८-२० वॅटचा एक एलईडी जुन्या हॅलोजनची जागा सहज घेतो.

"खऱ्या" हा शब्द मुद्दाम घातलाय. डब्यावर ४८ वॅट लिहिलेलं असतं कारण आत १६ चिप आहेत आणि प्रत्येक चिप ३ वॅट सोसू शकते. ती तेवढी खाते असं नाही. खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. दिवा बॅटरीला जोडा, मध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खणात लावा. १२ व्होल्टला दीड अँपिअर दाखवला तर दिवा १८ वॅटचा आहे, डब्यावर काही का लिहिलेलं असेना. १८ वॅटचा दिवा वाईट नव्हे, पण ४८ वॅटचे पैसे देऊ नका.

दुसरी परीक्षा हातानेच होते. दिवा उचलून पाहा. एलईडीची उष्णता पुढे जात नाही, मागच्या पंखांतून बाहेर पडते. मागचे ॲल्युमिनियमचे पंख बारीक आणि दिवा हलका असेल तर तो सुरुवातीला झकास दिसतो आणि अर्ध्या तासात मंदावतो. चांगल्या दिव्यांतही चिप वाचवण्यासाठी तापमान वाढल्यावर उजेड कमी करायची सोय असते, पण चांगल्याला तिची गरज क्वचित पडते. म्हणून दुकानात लावून लगेच बंद करू नका. चहा पिऊन या, मग पुन्हा बघा.

पांढरा की पिवळा

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. बाजारात बहुतेक दिवे ६,००० ते ६,५०० केल्विनचे, निळसर पांढरे असतात. कोरड्या जागी ठीक. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटात धुकं. थेंबांवर आपटून परत येणारा निळसर उजेड डोळ्यांना फार टोचतो. माझ्या अनुभवाने ४,००० ते ५,००० केल्विनचा दिवा पावसात जास्त सुसह्य होतो. रंगापेक्षाही महत्त्वाची दिव्याची जागा. केबिनच्या टपावर, अगदी डोळ्यांच्या रेषेत दिव्यांची लांब पट्टी (बार) लावली की पावसाचा प्रत्येक थेंब आधी तुमच्याच डोळ्यांत चमकतो. तोच दिवा खाली आणि बाजूला सरकवा, फरक लगेच कळेल.

वायंगण (उन्हाळी भात) पिकाची कापणी रात्री करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पांढऱ्या उजेडावर किड्यांचे थवे येतात, पिवळसर दिव्यावर कमी. ऑपरेटरच्या तोंडासमोरचा तरी दिवा पिवळसर घ्या, तो दुवा देईल.

पाणी आणि मीठ

दिव्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा धुळीचा. तो ६ हवा, म्हणजे आपली तांबडी धूळही आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा, आणि गैरसमज तिथेच आहे. आयपी ६७ म्हणजे दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून पाहिलाय. पिचकारीने मारून पाहिलाय असा त्याचा अर्थ नाही. जोरदार फवाऱ्याची परीक्षा ६६ ची, आणि सर्व्हिस स्टेशनवर असतो तसल्या गरम, उच्च दाबाच्या फवाऱ्याची ६९के ची. पोकलेन किंवा टिपर आठवड्याला प्रेशर पंपाने धुतला जात असेल तर ६७ च्या जोडीला ६९के लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर धुणाऱ्या पोराला सांगून ठेवा, दिव्याच्या पाठीवर, वायर जिथून आत जाते तिथे, नळी रोखू नको.

पण दिवे बुडून मरत नाहीत. ते मरतात असे: तासभर पेटलेला दिवा तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. जुलैची सर अंगावर आली की दिवा एकदम गार होतो, आतली हवा आक्रसते आणि जिथे फट सापडेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढते. रोज थोडं थोडं. गणेश चवथीपर्यंत काचेच्या आत थेंब दिसू लागतात. चांगल्या दिव्याच्या पाठीमागे शर्टाच्या बटणाएवढी गोल जाळी असते, तिच्यातून हवा ये-जा करते पण पाणी शिरत नाही. काही हुशार माणसं "भोक राहिलंय" म्हणून त्यावर सिलिकॉन फासतात. तसं करू नका.

एकाच प्रकारचे दहा दिवे घ्यायचे असतील तर आधी एकच घ्या. तो तासभर पेटवून ठेवा आणि तापलेला असतानाच गार पाण्याच्या बादलीत सोडा. दहा मिनिटांनी काढा, पुसा, रात्रभर ठेवा. सकाळी काचेत वाफ दिसली तर उरलेले नऊ घेऊ नका. एक दिवा वाया गेला तरी स्वस्तात सुटलात.

किनाऱ्यावर मिठाचा त्रास वेगळा. मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा, इथल्या ट्रॉलरवरच काय, जेटीवर उभ्या असणाऱ्या पिकअपवरही ॲल्युमिनियमच्या दिव्याला स्टीलच्या नट-बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसते. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट ३१६ ग्रेडचे घ्या, पण मध्ये नायलॉनचा वॉशर आणि ग्रीसचा थर घाला, नाहीतर बोल्ट शाबूत राहतो आणि दिव्याचा कान गळून पडतो. दिव्यावरचा पावडर कोटिंगचा रंग बसवताना खरवडला गेला तर तिथे त्याच दिवशी रंगाचा हात द्या.

काचेबद्दल थोडक्यात: पॉलिकार्बोनेट दगडाचा मार सोसतं पण उन्हाने पिवळं पडतं आणि कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे धरतं. खडी उडते तिथे तेच हवं. धूळ आधी पाण्याने धुवून मग पुसायची सवय लावा.

१२ की २४ व्होल्ट

पिकअप, ट्रॅक्टर आणि बहुतेक जेसीबी १२ व्होल्टचे, टिपर आणि पोकलेन २४ चे. दिव्यावर "९-३२ व्होल्ट" किंवा "१०-३० व्होल्ट" लिहिलेलं असेल तर तो दोन्हीकडे चालतो. मी असेच दिवे घ्यायला सांगतो.

२४ व्होल्टच्या गाडीवर दोन जुन्या सवयी अजून दिसतात. पहिली, १२ चे दोन दिवे एकामागे एक जोडायचे. हॅलोजनला ते जमायचं. एलईडीच्या आत स्वतःचं सर्किट असतं, दोघांत व्होल्टेज सारखं वाटलं जाईलच असं नाही, आणि एक मेला की दुसराही बंद. दुसरी सवय त्याहून महाग: दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढायचे. ती बॅटरी अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही बदलायची वेळ येते. मग दोष बॅटरी विकणाऱ्याला!

बॅटरी नसलेल्या जुन्या पॉवर टिलरवर दिवा डायनॅमोवर चालतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर व्होल्टेज वरखाली होतं. तिथे साधा एलईडी थेट जोडू नका, मध्ये रेग्युलेटर लागतो.

वायरिंग

माझी स्वतःची पहिली मोठी फजिती सांगतो. एका टिपरवर मे महिन्यात चार चांगले, महागडे दिवे बसवले. जोड पिळून केले आणि वर काळी टेप गुंडाळली. चवथीच्या आसपास गाडी परत आली, दोन दिवे बंद आणि त्यांच्या काचेत पाणी. मी दिव्यांना शिव्या दिल्या. उघडून बघतो तर सीलची रबरं कोरी करकरीत. पाणी टेपेतून जोडात शिरलं होतं आणि वायरीच्या तारांमधून, रबरी आवरणाच्या आतून, वातीसारखं वर चढत दिव्यात पोचलं होतं. वायर सोलली तर हातभर लांबीपर्यंत तांबं हिरवं पडलेलं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. दिव्याला आधीपासून दोन पिनांचा सीलबंद कनेक्टर असेल तर तो कापायचा नाही, जोडीचा दुसरा भाग आणायचा. तो नसेल तर क्रिम्प करून (धातूच्या नळीत तारा घालून ती पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळली जाणारी नळी, चढवायची, साधी स्लीव्ह नव्हे. नुसता सोल्डर हादऱ्याने कडेला तुटतो. आणि जोडाच्या आधी वायरीला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाला गळून पडतं, जोडापर्यंत जात नाही. हा झोल फुकट आहे आणि निम्मं दुखणं वाचवतो.

आता जाडी. चार दिवे, प्रत्येकी खरे २० वॅट, म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टला सुमारे पावणेसात अँपिअर. बॅटरीपासून दिव्यापर्यंत पाच मीटर धरले तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर. पाऊण एमएमच्या (म्हणजे तांब्याचा छेद पाऊण चौरस मिलिमीटर) वायरीत दीड व्होल्ट वाटेतच संपतात, दीड एमएममध्ये पाऊण व्होल्ट, अडीच एमएममध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत. मी अडीच घालतो. २४ व्होल्टला करंट निम्मा, तिथे दीड पुरते. बोटीवर असेल तर कल्हई केलेल्या तारांची वायर घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत टिकत नाही.

एवढा करंट डॅशबोर्डवरच्या चिमुकल्या स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनांचा साधा ३० अँपिअरचा रिले पुरतो: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांना, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली बॉडी). वरच्या हिशेबाला फ्यूज १० अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ फ्यूज लावून उपयोग नाही. वायर मध्येच चेसिसला घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडची सगळी वायर पेटते.

अर्थ जिथे घ्याल तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वर ग्रीस लावा. दिवा मंद जळतोय म्हणून दिवा बदलणाऱ्यांपैकी निम्म्यांचा अर्थ सैल असतो. ट्रॉलरवर मात्र बॉडीचा अर्थ घ्यायचाच नाही. दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत न्या, नाहीतर लोखंडी बोटीत करंट पत्र्यातून फिरून गंज वाढवतो. आणि पुढे कधी यंत्रावर वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरी सोडवा, दिव्यांचे कनेक्टरही काढा.

इंजिन बंद ठेवून दिवे लावायचे असतील तर ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हे चार दिवे तीन तास ठीक. त्यापुढे गेलात तर स्टार्टर मारताना कळेल.

रेडिओची खरखर

स्वस्त दिव्यांतलं सर्किट रेडिओत खरखर आणतं. पिकअपमध्ये गाणी बिघडतील, एवढंच. ट्रॉलरवर तो व्हीएचएफच्या (बोटीवरच्या बोलायच्या रेडिओच्या) १६ नंबरच्या चॅनलचा, म्हणजे संकटाच्या हाकेचा प्रश्न आहे. बसवण्याआधी दिवा रेडिओजवळ पेटवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) उघडा, दिवा चालू-बंद करा. आवाज बदलला तर तो दिवा बोटीवर नको.

रस्त्यावर, समुद्रात, किनाऱ्यावर

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत लावायचा तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवायचा नाही, रिव्हर्सचा आणि नंबर प्लेटचा पांढरा दिवा हे त्यातले अपवाद. तेव्हा मागचा वर्क लाइट रस्त्यावर पेटता दिसता कामा नये. त्याचा स्विच वेगळा ठेवा आणि स्विचवर छोटा लाल इंडिकेटर लावा, म्हणजे विसरणार नाही. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत ४० वॅटचा फ्लड काय करतो ते एकदा स्कूटरवर बसून बघाच.

ट्रॉलरवाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एलईडी किंवा कृत्रिम उजेड पाण्यावर टाकून मासे गोळा करण्याला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे. डेकचे दिवे डेककडेच वळलेले हवेत, पाण्यावर झोत जाणारा एकही नको. आणि डेकच्या लखलखाटात ट्रॉलिंगचा वरचा हिरवा, खालचा पांढरा दिवा दुसऱ्या बोटीला दिसेनासा झाला, किंवा तुमच्याच तांडेलला (बोट चालवणाऱ्याला) पुढचं दिसेना झालं, तर दिवे खाली उतरवा. बसवायचं काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत उरकता येतं.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांजवळ हिवाळ्यात रात्री यंत्र चालवायची पाळी आली तर झोत वाळूवर किंवा समुद्राकडे जाऊ देऊ नका. तिथे कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालत सुटतात, समुद्र सोडून.

बसवल्यानंतर

पुन्हा रात्री यंत्र त्याच जागी न्या, खडूच्या खुणांवर उजेड पडतो का ते बघा. बोल्ट आधी अर्धेच आवळा. एकाने सीटवर बसायचं, दुसऱ्याने खाली राहून दिवा अंशाअंशाने वाकवायचा, आणि तिसऱ्याने समोर, जिथे डंपर येऊन थांबतो किंवा मजूर उभे राहतात तिथे, उभं राहून "डोळ्यात येतंय" असं सांगायचं. त्याचं ऐका. मग बोल्ट पक्के करा, नटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. दहा दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पोकलेनवर तो फिरतोच, तिथे रबरी वॉशर आणि नायलॉनचा लॉक नट घाला.